नालस्ती कशाला करू

त्या उन्हाळ्यात बेविनहळ्ळीच्या बोअरवेल एकामागून एक आटल्या. आधी देवळाजवळची सार्वजनिक आटली, मग गौडांच्या नारळीच्या बागेतली, आणि शिवरात्र सरल्यावर रघुजीच्या घरामागची. मोटार सुरू केली की नळातून नुसता वारा फुसफुसायचा, मग थोडा लाल चिखल, मग काहीच नाही. रघुजी रोज सकाळी बटण दाबून बघायचा. एके दिवशी त्यानं मोटारीवर पोतं टाकलं आणि त्यानंतर तिकडं बघणं सोडून दिलं.

बेविनहळ्ळीला गाव म्हणायचं ते सवयीनं. सर्जापूर रोडची अपार्टमेंटं चारी बाजूंनी आली होती आणि मधल्या खोलगट जागेत जुनी घरं उरली होती. त्यात एक आळी मराठ्यांची. त्यांचे वाडवडील कधीतरी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. शेती होती ती प्लॉट पडून गेली. गोठे तेवढे राहिले, कारण समोरच्या टॉवरमधल्या लोकांना पिशवीपेक्षा गाईचं ताजं दूध हवं असायचं.

रघुजीची पाठ धरल्यापासून गोठ्याचं सगळं त्याच्या बायकोकडं, कमळाकडं होतं. पहाटे शेण काढायचं, धारा काढायच्या, कॅन डोक्यावर घेऊन अपार्टमेंटच्या गेटवर जायचं. परत आल्यावर विळा घेऊन मोकळ्या प्लॉटात हिरवं शोधत फिरायचं. त्या वर्षी हिरवं म्हणून काही उरलंच नव्हतं. टँकरचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि घागरीनं मापून गाईंपुढं ठेवायचं. गाई भांडं चाटून रिकामं करायच्या आणि मान वर करून तिच्याकडं बघत राहायच्या. उन्हानं दूध कमी झालं होतं, पातळही झालं होतं.

शेजारच्या घरात रत्नाबाई. नात्यानं लांबची जाऊ, वयानं मोठी, म्हणून कमळा तिला रत्नाक्का म्हणायची. नवरा गेलेला, मुलगा उमाकांत शहरापलीकडं पीण्याच्या कारखान्यात लेथवर कामाला आणि बायकोसह तिथंच एका खोलीत. रत्नाबाईजवळ केंपी नावाची तांबडी गाय, तिची कालवड, आणि एक म्हातारी गाय. दोघी बायका रोज बरोबरच गेटवर जायच्या, वाटेत चार शब्द बोलायच्या, मग गेटपाशी गुलमोहराच्या दोन अंगांना कॅन मांडून बसायच्या.

रत्नाबाईच्या पुढं आधी रांग लागायची. तिचं दूध दाट होतं. पाण्याची एवढी ओढ असतानाही ती कास कोमट पाण्यानं धुवायची, स्वच्छ फडक्यानं पुसायची, कॅन चिंचेनं आणि राखेनं घासून उकळत्या पाण्यात बुडवायची. तिच्या बोटांची कातडी त्यानं सोललेली असायची. तिचा कॅन रिकामा झाला की उरलेली माणसं कमळाकडं वळायची. कमळाच्या कॅनमध्ये रोज थोडं उरायचं. ते घरी नेऊन विरजायचं. दही विकलं जायचं, नाही असं नाही. पण रिकामा कॅन हातात झुलवत जाणाऱ्या रत्नाबाईमागून भरला कॅन डोक्यावर घेऊन चालताना कमळाच्या मानेत काहीतरी दाटून यायचं. ती ते उन्हावर ढकलायची.

बी ब्लॉकमध्ये नीलिमा म्हणून एक बाई राहायची, पुण्याची. कमळाला मराठी बोलताना ऐकलं तेव्हा ती थांबून हसली होती आणि त्यानंतर रोज दोन शब्द बोलल्याशिवाय जायची नाही. कमळाची मुलगी भार्गवी संध्याकाळी तिच्या मुलाला, तनयला, कानडी शिकवायला जायची. एवढी ओळख. पण नीलिमा दूध घ्यायची ते रत्नाबाईचं. गप्पा मारायच्या कमळाशी आणि भांडं पुढं करायचं रत्नाबाईपुढं.

एका सकाळी नीलिमा उशिरा खाली आली. डोळे सुजलेले. रत्नाबाई तेव्हा कॅन रिकामा करून निघून गेली होती. ऊन गुलमोहराच्या आत शिरलं होतं आणि कमळा कॅनवर ओलं फडकं टाकून बसली होती.

"मावशी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की, मॅडम."

"तनयला रात्री खूप उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, हीटमुळे असेल, बाहेरचं काही खाल्लं असेल. पण आमचं दूधपण फाटलं होतं काल." तिनं आवाज खाली आणला. "त्या रत्नाबाईंचं दूध... म्हणजे, स्वच्छ असतं ना हो? तुम्ही शेजारीच राहता ना त्यांच्या, म्हणून विचारलं."

'हो' एवढंच म्हणायचं होतं. कमळाच्या तोंडात ते आलंही होतं. तिला त्या क्षणी रत्नाबाईची सोललेली बोटं आठवलीसुद्धा. पण फडक्याखाली कॅन अर्धा भरलेला होता, आणि तो तसाच डोक्यावर घेऊन घरी जायचं होतं. तिनं पदर सारखा केला. खाली बघितलं.

"मी कशाला कुणाची नालस्ती करू, मॅडम," ती म्हणाली.

नीलिमानं कमळाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही, नाही. तुम्ही काही बोलूच नका. कळलं मला." ती किंचित हसलीसुद्धा. "किती दिवसांनी ऐकला हा शब्द. माझी आजी म्हणायची. मावशी, उद्यापासून माझं दूध तुम्हीच द्या. आज आहे का थोडं?"

कमळानं माप भरून ओतलं. थोडं जमिनीवर सांडलं.

घरी जाताना ती स्वतःला सांगत राहिली की आपण काही बोललो नाही. बोलणार नाही, असंच तर म्हणालो. त्यात वाईट काय?

दुसऱ्या दिवशी गेटवर रत्नाबाईपुढं कुणी नव्हतं. लोक खाली येत होते, भांडी घेऊन सरळ कमळाकडं वळत होते. कमळा खाली मान घालून माप भरत होती, ओतत होती. इतकी माणसं तिच्यापुढं कधी उभी राहिली नव्हती. कुणी मागं वळून रत्नाबाईकडं बघायचं आणि पटकन नजर काढून घ्यायचं.

रत्नाबाईला आधी वाटलं, येतील आपल्याकडंही. मग तिनं वॉचमनला विचारलं. दयानंद बीदरकडचा, मराठी कानडी दोन्ही बोलायचा. तो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला.

"अक्का, त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर काहीतरी आलंय म्हणे. तुमच्या दुधानं पोरगं आजारी पडलं असं."

"माझ्या दुधानं?"

"असं म्हणतात. मला काय ठाऊक."

एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. तिची रोजची गिऱ्हाईक. रत्नाबाई पुढं झाली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्या बाईला कानडी येत नव्हतं. रत्नाबाईनं कॅनचं झाकण काढलं, माप बुडवून दूध घेतलं आणि तिच्यासमोर गटागटा प्यायली. कच्चं, कोमट दूध. हनुवटीवरून ओघळलं ते मनगटानं पुसलं आणि रिकामं माप उपडं करून दाखवलं. मग हसली. त्या बाईनं मोबाइलमध्ये बघत गाडी बाजूनं काढली.

कमळानं हे सगळं बघितलं. तिच्या हातात कुणाचंतरी भांडं होतं आणि ते काठोकाठ भरून वर आलं होतं.

वाटेत रत्नाबाईनं विचारलं, "कमळे, ती मराठी बाई तुझ्याशी बोलते. काय झालं तिच्या पोराला?"

"उलट्या झाल्या म्हणे."

"माझं नाव कुणी घेतलं असेल?"

"मला काय ठाऊक. मी काही बोलले नाही."

"तू बोललीस असं मी कुठं म्हणते?" रत्नाबाई म्हणाली. तिच्या डोक्यावरचा भरला कॅन डुचमळत होता. अशा ओझ्याची तिला सवय नव्हती. ती मधेच थांबून मान सारखी करत होती. कमळाचा कॅन रिकामा होता. तिला तो कुठल्या हातात धरावा ते समजेना.

त्यानंतरही रत्नाबाई जात राहिली. उकळतं पाणी आणखी उकळलं, कॅन आणखी घासला, धुतलेलं नवं लुगडं नेसून बसली. एक-दोन मोलकरणी तेवढ्या तिच्याकडून घ्यायच्या, त्याही लपवून. उरलेलं दूध तिनं फाट्यावरच्या डेअरीत घालायला सुरुवात केली. तिथं जायला लांब, आणि जे मिळे त्यात गाईंची पेंड निघे तर टँकरचं पाणी निघत नसे.

एका संध्याकाळी कमळा परसात बसून वाळला कडबा विळ्यानं तोडत होती. रघुजी ओसरीच्या पायरीवर पाठ टेकून दावं वळत होता. भार्गवी नीलिमाकडून आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "आई, नालस्ती म्हणजे काय?"

कमळाचा विळा थांबला.

"का ग?"

"नीलिमाअक्का म्हणाल्या, तुझी आई किती सुंदर जुनं मराठी बोलते. कशाला कुणाची नालस्ती करू, असं म्हणाल्या तुझ्यासारखं करून. मला अर्थच ठाऊक नव्हता. लाज वाटली."

"नालस्ती म्हणजे," कमळा म्हणाली, "एखाद्याचं नाव खराब करायचं. चांगल्या माणसाला चार लोकांत वाईट ठरवायचं."

"खोटं बोलून?"

"खोटंच असं नाही." तिनं कडब्याची पेंढी पायाखाली दाबली. "खरं-खोटं कोण बघतं? ऐकणाऱ्याच्या मनात घाण बसली म्हणजे झालं."

"मग तू केली नाहीस."

"नाही."

भार्गवी आत गेली नाही. चप्पल काढून तिथंच बसली. ती हळूहळू विचार करणारी पोरगी, लहानपणापासून तशीच.

"पण आई, कशाला करू, असं म्हटलं म्हणजे करण्यासारखं काहीतरी आहे, असंच वाटतं की. त्यांनी तसंच लिहिलंय ग्रुपवर. शेजारची बाई एवढी चांगली, की विचारलं तरी वाईट बोलली नाही. म्हणजे बघा, असं."

कमळानं विळा उचलला आणि कडबा तोडायला लागली. तुकडे बारीक होत होते, गाईला लागतात त्यापेक्षा बारीक.

रघुजीनं दावं मांडीवर ठेवलं. "तुला विचारलं तेव्हा हो म्हणायला काय झालं होतं?"

"मी काही वाईट बोलले नाही."

"मी ते विचारलं नाही," रघुजी म्हणाला.

जेवताना त्यानं ताक मागितलं, ते पोरीकडं मागितलं.

दुसऱ्या सकाळी कमळानं नीलिमाला गेटवर थांबवलं. काय बोलायचं ते ती वाटभर घोकत आली होती.

"मॅडम, त्या रत्नाक्काचं दूध चांगलं आहे. मी बघते रोज. लई स्वच्छ आहे ती."

नीलिमा तिच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की कमळाला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मावशी, तुम्ही ना खरंच मोठ्या मनाच्या आहात. तुमचं गिऱ्हाईक वाढतंय तरी तिची बाजू घेताय. ॲक्च्युअली तेच म्हणत होते मी सगळ्यांना. पण मुलांच्या बाबतीत रिस्क नको ना? तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

"तसं नाही मॅडम, खरंच—"

"कळलं हो मला," नीलिमा म्हणाली आणि तिनं भांडं पुढं केलं.

कमळानं दूध ओतलं. आणखी स्पष्ट बोलायचं तर आपलं नाव पुढं करावं लागेल, हे तिला कळलं होतं. मागं माणसं उभी होती. तिनं पुढच्याचं भांडं घेतलं.

वैशाख लागला. रत्नाबाईची म्हातारी गाय आधी गेली. कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. टेम्पो आला, तेव्हा रत्नाबाई घरात दार लावून बसली होती. मग उमाकांत पीण्याहून आला, आईला म्हणाला, आता चल, इथं काय ठेवलंय. रत्नाबाई त्या एका खोलीत कशी राहणार होती ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो अंगणात उभा राहून सारखा घड्याळ बघत होता.

त्या दुपारी रत्नाबाई केंपीला आणि कालवडीला घेऊन कमळाच्या दारात आली. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता, ओठ फुटले होते.

"कमळे, हिला तुझ्या दावणीला बांध. टेम्पोत नाही घालवत मी हिला. तुला पाणी परवडतं आता."

शेवटचं वाक्य तिनं सरळच म्हटलं, टोमणा म्हणून नाही. कमळा दोरी हातात घ्यायला तयार नव्हती. रघुजी कण्हत पायरीवरून उठला, पुढं झाला आणि त्यानं दोरी घेतली.

"सरी, ठीक आहे, वैनी," तो म्हणाला. "तुमचीच आहे ती. इथं राहील नुसती."

संध्याकाळी कमळा धारेला बसली. कास दगडासारखी भरलेली होती, पण केंपी पान्हवेना. कालवड लावली, सोडवली, पुन्हा लावली. सडांना तूप लावलं, पाठ थोपटली, पुढं आंबोण ठेवलं. गाय मान वळवून शेजारच्या घराकडं हंबरत होती. कमळानं जोर लावला तशी तिनं लाथ मारली आणि चरवी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळली. कमळाचा गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी पहाटेही तेच. कास लाल झाली, ताप आल्यासारखी गरम लागायला लागली. अशी कास राहिली तर गाय हातची जाते, हे कुणाला सांगायला नको होतं.

भार्गवीनंच रत्नाबाईला बोलावून आणलं. तिची गाठोडी बांधलेली होती, उमाकांत दोन दिवसांत पुन्हा येणार होता. ती आली, केंपीच्या गळ्याखाली हात फिरवला. खाली बसून कासेला डोकं टेकलं. पहिल्या धारा चरवीत वाजल्या.

कमळा कालवडीचं दावं धरून शेजारी उभी होती. रत्नाबाईचा अंबाडा तिला वरून दिसत होता. त्यात आता काळं काही राहिलं नव्हतं. धारा एकसारख्या पडत होत्या.

"रत्नाक्का," कमळा म्हणाली, "त्या बाईनं मला विचारलं होतं. तुझं दूध कसं आहे म्हणून."

रत्नाबाईचे हात चालूच होते.

"मी म्हणाले, कशाला नालस्ती करू."

"ठाऊक आहे. ग्रुपवर काय लिहिलंय ते दयानंदानं सांगितलं."

"कधी?"

"हिला इथं आणायच्या आधी."

कालवड ओढ घेत होती. कमळाच्या तळव्यात दावं रुतलं.

"मग माझ्याकडं का आणलीस?"

रत्नाबाईनं फेसावरून एक गवताची काडी बोटानं उचलून टाकली. "तू जनावराला उपाशी ठेवणार नाहीस, ते ठाऊक होतं," ती म्हणाली. "माणसाचं निराळं."

ती उठली, चरवी कमळाच्या पुढं ठेवली, आणि पदराला हात पुसत घरी गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या, आळीतल्या चार बायका बोलावून तोंड काळं केलं असतं, तर कमळाला उभं राहता आलं असतं. ती गोठ्यात बसून राहिली. मग कॅन भरला, कारण धार काढल्यावर थांबता येत नाही.

त्या दिवशी गेटवर नेलेल्या कॅनमध्ये केंपीचं दूध सगळ्यात वर होतं. नीलिमानं भांड्यात पडताना बघितलं.

"आज किती दाट आहे, मावशी. रोज असंच आणत जा."

मागं दोघी-तिघी बायका होत्या, मोलकरणी होत्या, बाबागाडीवाली होती. दयानंद रजिस्टर घेऊन उभा होता. कमळानं माप कॅनच्या काठाला अडकवलं.

"हे रत्नाक्काचं दूध आहे, मॅडम. तिची गाय. तिनंच पिळलंय सकाळी."

नीलिमानं भांडं मागं घेतलं. "म्हणजे? तुम्ही तेच दूध आम्हाला देताय?"

"त्या दुधात काही नव्हतं. कधीच नव्हतं. तुम्ही विचारलं तेव्हा मला हो म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. मला तिची दुधाची घरं पाहिजे होती."

"पण तुम्ही तर तेव्हा काहीच बोलला नव्हता."

"नाही ना," कमळा म्हणाली. "तुम्ही समजून घ्याल, हे ठाऊक होतं मला."

नीलिमाचा चेहरा लाल झाला. आजूबाजूच्या बायका विचारत होत्या काय झालं, काय म्हणते ही. नीलिमा सांगेना. तेव्हा कमळा त्यांच्याकडं वळली आणि मोलकरणींना, दयानंदाला, सगळ्यांना समजेल असं कानडीत म्हणाली, "नंदे तप्पु." चूक माझीच. रत्नाक्काचं दूध चांगलं, मीच वाईट केलं. बोलताना घाम तिच्या पाठीवरून कमरेत उतरत होता. मोलकरणींनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं तोंडावर पदर घेतला.

"आणि मी आता ग्रुपवर काय लिहू?" नीलिमा म्हणाली. "तीनशे फ्लॅट्सना मी सांगितलं होतं, मावशी. मी. माझं काय दिसेल?"

"लिहा, कमळानं नालस्ती केली."

"त्यांना कुणाला कळणार आहे तो शब्द?" नीलिमा म्हणाली. भांड्यातलं दूध तिनं परत ओतलं नाही, घेऊनही गेली नाही. दयानंदाच्या टेबलावर तसंच ठेवून ती लिफ्टकडं गेली.

तिनं लिहिलं, ते भार्गवीनं वाचून दाखवलं. काही गैरसमज झाला होता, ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं, एवढंच होतं. नालस्ती हा शब्द त्यात नव्हता. रत्नाबाईचं नावही नव्हतं.

लोकांनी आपापलं ठरवलं. कमळापुढची रांग दुसऱ्याच दिवशी मोडली. गेटवर ती बसली की येणारे-जाणारे बघायचे आणि आपसांत बोलायचे, आणि आता ते काय बोलत असतील ते तिला कळत होतं. बहुतेकांनी पिशवीचं दूध सुरू केलं. काही घरं रत्नाबाईकडं परत आली. बाबागाडीवाली आली. नीलिमाची मोलकरीण आली, नीलिमा स्वतः आली नाही. पूर्वीची सगळी घरं काही आली नाहीत. एकदा संशय घेतलेलं दूध लोक उकळून पितात तरी मनातून पीत नाहीत.

केंपीला रघुजीनंच परत नेऊन बांधलं. रत्नाबाईनं गाठोडी सोडली. उमाकांत आला तो एकटाच परत गेला, जाताना आईच्या पिंपात टँकरचं पाणी भरून गेला. रत्नाबाई कमळाच्या घरी आली नाही. वाटेत समोरासमोर झाल्या तर ती बाजूला होऊन वाट द्यायची, परक्या बाईला देतात तशी. कमळाला ती वाट घ्यावी लागायची. भार्गवी पूर्वीसारखीच बोलायची, पण काही विचारायचं झालं की आधी आईच्या तोंडाकडं बघायची. रघुजी पुन्हा ताक तिच्याकडं मागायला लागला.

कमळा आता फाट्यावरच्या डेअरीत दूध घालायची. लांबचा रस्ता, सावली नाही, ट्रक धूळ उडवत जायचे. तिथला माणूस प्रत्येकाच्या दुधात काचेची नळी सोडून डोळ्यांसमोर धरायचा. तिच्या दुधात पाणी नव्हतं, तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तो नळी धरून थांबला की ती त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. तो मान हलवायचा आणि दूध मोठ्या पिंपात ओतायचा. तिथं ते इतरांच्या दुधात मिसळून जायचं.

एका सकाळी ती रांगेत उभी असताना मागं कुणीतरी कॅन टेकवला. टेकवण्याच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं. रत्नाबाईचं गेटवर उरलेलं दूध होतं. कमळा वळली नाही. पुढची माणसं सरकली, मधे मोकळी जागा पडली, तरी तिचे पाय हलले नाहीत. मागच्या बाईचा श्वास तिच्या मानेवर लागत होता, दमलेला, चालून आलेला.

"कमळे," रत्नाबाई म्हणाली, "पुढं सरक. दूध उन्हात आहे."

कमळानं कॅन उचलला आणि पुढं सरकली.